शेजारच्या सीटचा ब्रेक

मी दुसरा ब्रेक बोलतोय. पहिला नव्हे. पहिला चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो आणि त्याला सगळं जग ओळखतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्यासाठी शेजारच्या सीटसमोर एक जादा ब्रेक बसवतात, तो मी. शिकणारा चुकला की मास्तरांनी मला दाबायचं, की गाडी थांबलीच पाहिजे.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यातला नाही. एका गॅरेजातल्या वेल्डरने मोडीतल्या गाडीचं पेडल कापलं, त्याला सळई जोडली, सळईला वायर आणि वायरचं दुसरं टोक पहिल्या ब्रेकला. मला दाबलं की तोही दबतो. तो दाबला तर मात्र मी हलत नाही. मोठ्या भावाचा मान मला, असं मी मनाशी म्हणायचो. मास्तरांनी मला तीनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हा नीट चालला पाहिजे बाबा. माझा संसार याच्यावर आहे."

मला फक्त पावलं दिसतात, बाकीचं सगळं ऐकून घ्यायचं. पण पावलांना खोटं बोलता येत नाही. तोंडाने "येतंय, येतंय" म्हणणाऱ्यांच्या टाचा लटपटताना मी पाहिल्यात. एक वकीलबाई होत्या, त्यांना शिंक आली की ॲक्सिलरेटर दाबला जायचा. सर्दीच्या दिवसांत मास्तर मला सोडायचेच नाहीत.

एके दिवशी एक बाई आल्या, पन्नाशी उलटलेल्या, सोबत त्यांचे मिस्टर. त्याआधी दोघं आणखी दोन स्कूल बघून आले होते. पहिल्यात मोठा बोर्ड होता, "दहा दिवसांत लायसन्स!" दुसऱ्यात शिकवणारा स्वतःच सगळे ब्रेक दाबत होता आणि बाईंना "वा, छान चालवताय" म्हणत होता. आमच्याकडे मिस्टर मागच्या सीटवर बसले. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याची स्टाफ बस चालवलेली. फी त्यांनी विचारलीच नाही.

"मास्तर, हा दुसरा ब्रेक तुम्ही तासात किती वेळा दाबता?"

मास्तर म्हणाले, "पहिल्या दिवशी पन्नास वेळा. शेवटच्या दिवशी एकदाही नाही."

"आणि शेवटच्या दिवशी दाबावा लागला तर?"

"तर तो शेवटचा दिवस नाही."

"इथेच शीक गं," मिस्टर म्हणाले. इतक्या वर्षांत माझी चौकशी करून स्कूल निवडणारा हा पहिलाच माणूस. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

बाईंनी शिकायचं कारण सांगितलं ते असं: "यांचे गुडघे गेलेत. क्लच दाबवत नाही. म्हटलं, आता मीच शिकते." त्याच दिवशी मिस्टरांच्या खिशातलं पेन पडलं आणि सीटखालून घरंगळत माझ्यापाशी आलं. मिस्टर खाली उतरले, पुढचं दार उघडून सरळ उकिडवे बसले. गुडघे अगदी ठणठणीत! पेन डोळ्यांसमोर पडलेलं, आणि हे मात्र तळहाताने चटई चाचपतायत. दोनदा त्यांचा हात माझ्यावरून गेला. तिसऱ्यांदा पेन सापडलं. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, पण ब्रेकचं कोण ऐकतं?

पंधरा-वीस दिवसांत बाईंच्या टाचा स्थिर झाल्या. मग निघाला घरच्या गाडीच्या विम्याचा विषय. बाईंच्या बहिणीचा मुलगा विम्याचं काम करायचा. गाडी कडेला लावून बाईंनी त्याला फोन केला आणि स्पीकर चालू केला.

"मावशी, तू नवशिकी. हप्ता जोरदार बसणार," तो म्हणाला. "पण एक युक्ती आहे. काकांचं नाव मुख्य चालक म्हणून टाकू. तीस वर्षांत एक ओरखडा नाही. काकांचं रेकॉर्ड म्हणजे सोनं! शिवाय तू सराव करशील तेव्हा अनुभवी माणूस शेजारी बसणार, असं लिहू. हप्ता एक तृतीयांश तरी खाली येईल."

"टाक की मग," बाई म्हणाल्या. "हे बसतीलच शेजारी. घरात नुसतं बसून माझ्या कणकेला नावं ठेवण्यापेक्षा ते बरं."

मागून मिस्टर हसले, पण जरा उशिरा.

मास्तरांची एक पद्धत होती. घरच्या गाडीवर सराव करायला परवानगी देण्याआधी, जो माणूस शेजारी बसणार असेल त्याला ते एक तास स्वतःच्या जागेवर बसवायचे आणि स्वतः मागे. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मिस्टर पुढे बसले. त्यांचा बूट माझ्यावर आला तेव्हा मी ओळखलं, हा ड्रायव्हरचा पाय. वजन नाही, पण तयारी पुरेपूर. असा पाय मला आयुष्यात मिळाला नव्हता.

शाळेमागच्या रस्त्याने गाडी हळू चालली होती. दोन उभ्या गाड्यांच्या मधून, मिस्टरांच्याच बाजूने, पाण्याच्या कॅनची एक हातगाडी बाहेर आली. चाकांची खडखड मलाही ऐकू आली. मी वाट पाहत होतो, आता पाय दाबेल, आता दाबेल. पाय हलला नाही. तिकडे बाईंनी दोन्ही पायांचा जोर लावून पहिला ब्रेक दाबला आणि गाडी गचका देऊन थांबली.

"काय झालं? का थांबलीस?" मिस्टरांनी विचारलं.

हातगाडीवाल्याने बॉनेटवर थाप मारली. "ओ, डोळे फुटलेत का तुमचे?"

बाईंनी विचारलं, "अहो, ही हातगाडी दिसली नाही तुम्हाला?"

"कुठली?" मिस्टर म्हणाले.

हातगाडीवाला बडबडत निघून गेला. बाईंचे पाय तसेच ब्रेकवर रोवलेले होते. शेवटी मिस्टरच बोलले, "आठ महिने झाले. जिकडे बघतो, नेमकं तेवढंच दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार."

"आठ महिने? आणि नातीला क्लासला कोण सोडत होतं?"

"मीच. दोन महिन्यांपूर्वी एकदा फुटपाथवर चाक चढलं, तेव्हा थांबलो. मग तुला गुडघ्यांचं सांगितलं."

"मला सांगायचं नाही? बायको आहे मी तुमची!"

"काय सांगू? तीस वर्षं रात्रपाळीची माणसं माझ्या भरवशावर बसमध्ये गाढ झोपायची. तेवढंच एक काम मला येत होतं."

बाई रडल्या. मिस्टरांचा बूट अजून माझ्यावरच होता आणि आता त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. त्या लहान मुलीचा जीव त्यांनी टांगणीला लावला होता. पण राग काही आला नाही.

मिस्टरांनी तिथूनच भाच्याला फोन लावायला सांगितला. "माझं नाव काढून टाक."

"काका, मावशीचा हप्ता केवढा वाढेल ठाऊक आहे का? कागदावर नाव असलं म्हणून काय बिघडतं?"

"बिघडतं. मला न दिसलेला माणूस उद्या खरंच चाकाखाली आला, तर तुझा कागद काय करील? काढ म्हटलं ना. दुसरे मार्ग सांग."

दुसरे मार्ग सरळ होते, म्हणून लांबचे होते. मोठी गाडी विकून लहान इंजिनची घ्यायची. पूर्ण कोर्स करून त्याचं प्रमाणपत्र जोडायचं. मग विनाअपघात एकेक वर्ष काढायचं, तशी तशी सूट मिळत जाते. मिस्टरांनी आपली मोठी गाडी विकली. नेणारा आला तेव्हा ते घरातून बाहेरच आले नाहीत, असं बाई मास्तरांना सांगत होत्या. कोर्सच्या शेवटच्या दिवशी मास्तरांनी मला एकदाही दाबलं नाही. बाई पहिल्या फटक्यात पास झाल्या.

पुढे वर्षाभरात आमची गाडी मोडीत निघाली. मास्तर मला सोडवून घेत होते, तेवढ्यात बाईंचा हात धरून मिस्टर गॅरेजात आले.

"मास्तर, हा मला द्या. हिच्या शेजारी बसलो की माझा पाय रिकाम्या पत्र्यावर आपटतो. सवय जात नाही. हिला वाटतं मी घाबरलोय."

"देतो की. वायर जोडून, पक्का बसवून देतो."

"वायर नको," मिस्टर म्हणाले. "नुसताच बसवा. माझ्या पायावर आता कुणाचा जीव नको."

मास्तरांनी मान खाली घातली आणि स्क्रू आवळायला घेतले.

आता मी त्या लहान गाडीत आहे. ब्रेक म्हणून माझी किंमत शून्य. मला कितीही दाबा, काहीही थांबत नाही. मिस्टरांची उरलीसुरली नजर रोज थोडी जाते, तीही थांबत नाही. आधी बाईंच्या पायाबरोबर त्यांचा पाय पडायचा. हल्ली गाडी थांबल्यावर पडतो. पडतो तेव्हा मी जमेल तेवढा मऊ होतो, याहून मला काही येत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. शेजारच्या सीटवर बसलेलं कुणी म्हातारं माणूस उगाच पाय दाबताना दिसलं, तर हसू नका.

काल डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघालो होतो. पुढे मोठा उतार लागतो. बाईंनी त्याच्या तोंडाशी गाडी थांबवली.

"अहो, पाय ठेवलात ना ब्रेकवर?"

"ठेवलाय."

"मग मी माझा सोडते हं," त्या म्हणाल्या, आणि गाडी उताराला लागली.