पाहुण्यांचं गोड पाणी

कमलमावशीच्या डाव्या मनगटाला कान लावला, की दूरवर कापसातली सरकी काढणारं एखादं जिनिंग चालल्यासारखी अखंड घरघर ऐकू येई. डायलिसिसच्या सुईसाठी डॉक्टरांनी तिथली शीर धमनीला जोडली होती. त्या अरुंद वाटेनं धावताना रक्त जणू गात असे. कापसाच्या हंगामात गावावर पांढरं, मऊ ऊन पसरलेलं असताना ती ओसरीवर बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे हात करी. "ऐक न बाप्पा, जिनिंग चालू हाय का बंद पडलं?" आणि स्वतःच हसे, त्या हसण्यात भीतीला टेकायलाही जागा नसे.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहीर खारी, बोअर खारा, वाळत घातलेल्या लुगड्यावरही मिठाची पुसट रेघ उमटलेली. म्हणून घरोघरी दोन माठ: लांबून आणलेलं गोड पाणी पाहुण्यांसाठी, खारं घरच्यांसाठी. ही रीत मावशीनं व्रतासारखी पाळली. अनोळखी वाटसरूलाही ती गोड पाण्यानं भरलेला गडवा देई आणि स्वतः उभ्याउभ्या खारं पिऊन कामाला लागे. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हाही तिला माठांचा राग आला नाही. मला राग आला, पण तो माठांवर नव्हता. जमिनीतलं पाणी सगळ्यांना सारखंच खारं लागतं. त्यातून सुटका मात्र ऐपतीप्रमाणे मिळते, आणि विषमता अशी घोटाघोटानं रक्तात उतरते.

तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसची एक खोली होती. निधी आटला, तंत्रज्ञाचा करार संपला, खोलीला कुलूप लागलं. सरकारी भाषेत ती काटकसर होती; मावशीच्या देहाला ती अकोल्याच्या एसटीचा खडखडाट होऊन भेटली, परतताना खिडकीच्या गजावर टेकलेलं डोकं होऊन भेटली. ज्यांच्या दारात मोटार उभी होती, त्यांना ते कुलूप कधी दिसलंच नाही.

आम्ही मोर्चे काढले, पत्रकं वाटली. अखेर त्या खोलीची खरंच गरज आहे का, हे पाहायला एक साहेब गावात आले आणि मावशीच्या ओसरीवर टेकले. ती उठली, उतरत्या उन्हासारखी सावकाश. सवयीनं तिचा हात गोड माठाकडे गेला, क्षणभर थांबला आणि दुसऱ्या माठाकडे वळला.

घोट घेताच साहेबांचा चेहरा आक्रसला. "बाई, पाणी खारट आहे हो."

"हो साहेब. गोड बी हाय, तुमच्यासाठीच ठेवलेलं. पन जन्मभर आमी पाव्हण्याले गोड पाजलं, म्हून तुमाले वाटते इथं समदं बरंच चालून राहिलं. प्या न!"

मग तिनं मनगट पुढे केलं. "आता हे ऐका. हे बंद पडायच्या आधी ते कुलूप काढा."

साहेब वाकले. त्यांनी मनगटाला कान लावला.

कुलूप निघण्याआधीच मावशी गेली. ते अजून निघालेलं नाही, पण निघेल. कारण आता आमच्या गावात, आणि शेजारच्या गावांतही, येणाऱ्या प्रत्येक साहेबाला पहिला गडवा खाऱ्या माठातलाच मिळतो.

या हंगामात तिची ओसरी रिकामी आहे. तरी दूर कुठे जिनिंग सुरू झालं, की माझी मान नकळत एका बाजूला कलते, आणि वाटतं, काळाला फक्त तो हात थांबवता आला. त्यातला आवाज ज्यांनी एकदा ऐकला, त्यांच्या कानांत तो चालूच आहे.