चढाचा एक्सल

"डिसेंबरात कोनी पळणारा एक्सल मागते का बे?" गाडीखालून पूनमसिंगनं विचारलं.

"मी मागून राह्यलो ना," त्याचा साळा अमरसिंग म्हणाला.

पूनमसिंगला या माणसाचा दर वर्षी वैताग यायचा. त्याच्या एका पिकअपला दोन मागचे एक्सल होते. एक ओढणारा, एक पळणारा. कापूस निघाला की ओढणारा लावायचा, कारण फुलसावंगीच्या पलीकडे त्यांच्या तांड्याचा चढ भरलेली गाडी दुसऱ्या एक्सलवर चढतच नसे. लग्नसराई आली की वऱ्हाडासाठी पळणारा. जो गाडीत नसेल तो लोहारा गावी पूनमसिंगच्या गॅरेजात लोळत पडायचा. ते लोखंडी धूड वर्षातून दोनदा उपसताना कंबरडं मोडायचं ते पूनमसिंगचं.

"कापूस कशावर नेशीन मंग?"

"कापूस हाय कुठी? बोंड फोडलं का अळीच निंघते. हैदराबादले पार्सलचं काम भेटलं मले. तिथं हळू चालणाऱ्या गाडीले कोनी उभं नाही करत."

"अन् याडी?"

याडी म्हणजे अमरसिंगची आई सुखीबाई आता तांड्यावर एकटी राहणार होती. पाण्याचे ड्रम न्यायचे असोत की तिचा दमा उसळलेला असो, वरपर्यंत जाणारी गाडी ही एकच. पूनमसिंगची बायको जमनी आईला इकडे बोलावून थकली होती. म्हातारी तांडा सोडायचं नावच काढत नव्हती.

"येत जाईन ना मी."

"पळणाऱ्या एक्सलवर? ड्रम काय डोक्शावर नेशीन?"

"लावून द्या भाऊजी. आजच निंघाचं हाय मले."

तेवढ्यात जमनीनं भावाला जेवायला हाक मारली आणि तो आत गेला. पूनमसिंगनं ब्रेकचा पाइप सोडला, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट सैल केले आणि ओढणारा एक्सल बाहेर ओढला. कोपऱ्यातला पळणारा लोटत आणून त्याच्या शेजारी ठेवला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत. फरक होता तो आतल्या गिअरच्या दातांत.

तो घाम पुसत दोन्हींकडे बघत राहिला. मग त्याला एकदम संताप आला. त्या अळीचा आला, हैदराबादचा आला, आणि आईला चढावर ठेवून सपाटीच्या कामाला निघालेल्या या घोड्याचा तर फारच आला. त्यानं काढलेलाच एक्सल परत आत सरकवला आणि बोल्ट आवळले.

जेवून दुपारची झोप काढून अमरसिंग तोंड पुसत बाहेर आला. एक चाक अजून जॅकवर होतं. त्यानं खिशातून खडू काढला, चाकावर एक रेघ ओढली, इंजिनाकडून एक्सलपर्यंत येणाऱ्या शाफ्टवर एक ओढली. कोणत्याही मिस्त्रीवर भरवसा ठेवू नको, माझ्यावरसुद्धा नाही, असं सांगून ही रीत पूनमसिंगनंच त्याला शिकवली होती. चाक दोनदा फिरवायचं आणि शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. चार वेळा फिरला तर पळणारा, पाच वेळा फिरला तर ओढणारा.

पूनमसिंग पाना हातात धरून शिव्यांची वाट पाहत उभा राहिला.

शाफ्ट पाच वेळा फिरला.

"भाऊजी, हा तं चढाचाच हाय."

"हो."

"काहून?"

"वापस याले लागन तुले." पूनमसिंगनं पाना खाली टाकला. "पटत नसन तं काढतो पुन्हा. पन मंग याडीले काय सांगाचं ते तू सांग. माह्यानं नाही होत."

अमरसिंग तिथंच मातीत बसला. मग त्यानं अंगठ्यानं शाफ्टवरची रेघ पुसली, चाकावरची पुसली आणि जॅक उतरवला.

"हसतीन मले हैदराबादवाले," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

गाडी रस्त्याला लागली. वरच्या गिअरमध्येसुद्धा ती जीव तोडून ओरडत होती आणि मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवून तिच्या पुढे जात होता. जमनी दारात येऊन उभी राहिली.

"असा तं कवा पोचन तो?"

पूनमसिंग चिडलेलाच होता. दिवसभर कंबरडं मोडून त्यानं जो एक्सल काढला तोच बसवला होता. पळणाऱ्याच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून त्यानं चिंधी कोंबली आणि तो लोटत परत कोपऱ्यात नेला.

"जाले लागू दे वेळ," तो म्हणाला.