तीन हात पॉलिश आणि अरवाची उडी

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर पाय देता त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यासाठीच तर मला बनवलंय. मी सौदीतल्या खमीस मुशैतच्या एका मैदानावरची लांब उडीची फळी. वय झालंय, कडा झिजल्यात आणि डोकं हल्ली फार लवकर तापतं. मुली धावत येतात, शेवटचा पाय माझ्यावर आपटतात आणि पुढच्या वाळूत झेप घेतात. लोक टाळ्या वाजवतात त्या वाळूकडे बघून. माझ्याकडे बघून कुणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. ते जाऊ दे. पण गेल्या महिन्यात जे घडलं, ते सांगितल्याशिवाय माझा जीव थंड व्हायचा नाही.

मी मूळची सागवानी दाराची चौकट. जेद्दाच्या अल अझीझिया भागात एक जुनं घर पाडलं, तेव्हा यासीनने मला उचलून गाडीत टाकलं. यासीन दापोलीकडचा सुतार. इथे एका देखभाल कंपनीत नोकरी करतो, कामगारांच्या कॅम्पात राहतो. या मैदानासाठी परदेशातून मागवलेली फळी जिझानच्या बंदरात अडकली होती, म्हणून त्याला सांगितलं गेलं की तात्पुरती एक करून दे. तात्पुरती! पुढे ती परदेशी बाई आली, पण दोन बोटं रुंद निघाली, खाचेत बसेचना. तिची रवानगी गोदामात झाली आणि मी तात्पुरती म्हणून इथे सात वर्षं लोळतेय.

यासीनला काम करताना लाकडाशी बोलायची खोड आहे. रंधा मारताना तो मला "बायो, जरा गप ऱ्हव" म्हणायचा. माझं मराठी त्याच्याच तोंडचं. माणूस गुणी, हात सोन्याचा, पण त्याला भोक म्हणून बघवत नाही. मुलींच्या बुटांना खिळे असतात, त्यांची भोकं माझ्या अंगभर पडतात. दर महिन्याला हा लांबीचा, म्हणजे लाकडाच्या लुकणाचा डबा घेऊन येणार, एकेक भोक बुजवणार, घासणार आणि वर पांढरा रंग देणार. रंग मात्र साधा, बिनचमकीचा. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

दोन वर्षांपूर्वी अरवा आली. इथलीच, खमीसची. तेव्हा पंधरा वर्षांची. तिच्या प्रशिक्षक तस्नीमबाई तिला रोज सकाळी सहाला घेऊन यायच्या. पहिले पंधरा दिवस ही पोरगी माझ्यापर्यंत धावत यायची आणि ऐनवेळी थांबायची. मी वैतागले. बाई गं, एकदाचा पाय टाक की! शेवटी एकदा टाकला, आणि मग थांबली नाही. रोज सरावाआधी ती वाकून तळहात माझ्यावर ठेवायची आणि हळूच सलाम करायची. सात वर्षांत माझी अशी विचारपूस करणारी ती एकटीच. माझा तिच्यावर फार जीव आहे, हे मी सरळ सांगते.

मग बातमी आली. आखाती देशांच्या मुलींच्या मैदानी स्पर्धा, यंदा दुसऱ्यांदाच भरणार होत्या, आणि त्याही आमच्या मैदानावर. लांब उडीत प्रत्येकीला तीन उड्या. त्यांत पहिल्या आठांत येईल तिला आणखी तीन, बाकीच्या खलास. पहिल्या आठांत आली तर अरवाची देशाच्या सराव शिबिरात निवड होणार होती. तिचं सगळं त्या तीन उड्यांवर होतं.

इकडे सगळ्यांच्या अंगात आलं. मैदानाच्या कडा रंगवल्या, भाड्याच्या कुंड्या आणल्या. देखभालीचा सुपरवायझर सिद्धार्थ, आपला नाशिककडचा, सकाळ-संध्याकाळ एकच घोकत होता की मोठे पाहुणे येणार, सगळं चकाचक दिसलं पाहिजे. यासीनने ते मनावर घेतलं. त्याने उभं आयुष्य बैठकीच्या खोल्यांतली टेबलं आणि लग्नघरांची दारं चकचकीत करण्यात घालवलेलं. पाहुणे येणार म्हणजे पॉलिश, एवढंच त्याला ठाऊक. आदल्या दिवशी त्याने माझ्यावर पॉलिशचे तीन हात मारले.

अरे बाबा, मी काय दिवाणखान्यातलं टेबल आहे? माझ्यावर चहाचे कप ठेवायचेत? मी आतल्या आत किती ओरडले, पण फळीचं कोण ऐकतं. सिद्धार्थने येऊन वाहवा केली आणि माझा फोटो काढला. माझा पहिला फोटो, आणि तोही असल्या सोंगात.

स्पर्धेच्या सकाळी डोंगरावरून धुकं उतरलं आणि माझ्यावर बारीक दव बसलं. मी आरशासारखी चमकत होते. पहिल्या दोन मुलींचे पाय जरा सरकले. मग अरवा आली. तिने नेहमीसारखा तळहात ठेवला, क्षणभर थबकली, पण मागे गेली. धावत आली, पाय आपटला आणि तो सर्रकन पुढे गेला. समोरच्या मऊ पट्टीवर तिच्या बुटाचा ठसा उमटला, ती वाळूत आडवी झाली आणि लाल झेंडा वर गेला. त्या पट्टीला पाय लागला की उडी बाद.

मला वाटलं, आता ही सांगेल की फळी निसरडी आहे. तर नाही! तस्नीमबाईंजवळ जाऊन ती म्हणाली की माझाच पाय चुकला. दोन वर्षं ओळखते ना मला, म्हणून माझ्यावर शंकाच घेतली नाही. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. दुसऱ्या उडीला ती घाबरली आणि माझ्या वीतभर आधीच उडाली. झेंडा पांढरा, पण उडी आखूड. फलकावर तिचं नाव नववं.

यासीन कुंपणाशी हत्यारांची पेटी घेऊन उभा होता. तिचा पाय सरकला तेव्हाच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तो सिद्धार्थला हळू आवाजात म्हणाला की हे आपल्या पॉलिशमुळे होतंय, आपण सांगू या. सिद्धार्थ त्याचा दंड धरून म्हणाला, "यासीनभाई, गप्प राहा. तुमचा इकामा महिनाभरात संपतोय. चूक कबूल केलीत तर कंपनी पुढचा काढणार नाही." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, तो गेला की माणूस परत दापोलीला.

यासीनने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाकावर मान खाली घालून बसलेल्या अरवाकडे. मग पेटी उचलली आणि तो सरळ पंच बाईंपुढे जाऊन उभा राहिला. अरबी त्याची तोडकीमोडकी. त्याने मान खाली घालून सांगितलं, "बाई, पोरीचा पाय बरोबर होता. फळीवर पॉलिश मी मारलं. चूक माझी आहे."

पंच बाई वाकल्या, बोट माझ्यावर फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. झालेल्या उड्या परत मिळणार नाहीत, कारण वेळेवर कुणी तक्रार केली नाही, असं त्या म्हणाल्या. ऐका! पोरीने स्वतःला दोष दिला त्याचीही तिलाच शिक्षा. पण त्यांनी यासीनला दहा मिनिटं दिली.

तो गुडघ्यांवर बसला आणि पटाशीने पॉलिश खरवडू लागला. मग खरखरीत कागदाने घासलं. पॉलिश गेलं, खालचा रंग गेला, माझं उघडं सागवान दिसू लागलं. पाहुणे बघत होते. मी पार बोडकी दिसत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

अरवाने सगळं ऐकलं होतं. ती आली, वाकली, तळहात ठेवला आणि मग माझ्यावर दोनदा थोपटलं. मागे गेली. तस्नीमबाई एकच शब्द म्हणाल्या, "यल्ला." म्हणजे चल! ती धावत आली आणि तिच्या बुटाचे सगळे खिळे माझ्यात असे रुतले की मी कळवळले. मी तिला सोडलं नाही. पाय तसूभरही सरकू दिला नाही. मऊ पट्टी बोटभर लांब राहिली. पांढरा झेंडा वर गेला.

फलकावर अरवा आठवी, नववीपेक्षा तीन सेंटिमीटरने पुढे. पुढच्या तीन उड्यांत ती सहावी आली. पदक नाही मिळालं. पण शिबिराच्या यादीत तिचं नाव लागलं आणि ती गेलीसुद्धा.

यासीनचा इकामा वाढला, मात्र कंपनीने त्याला इथून काढून जिझानच्या कामावर पाठवलं. खरं बोलल्याचं बक्षीस! माझा संताप अजून गेलेला नाही. जाण्याआधी तो एकदा लांबीचा डबा घेऊन आला. सगळी जुनी भोकं बुजवली. शेवटी अरवाच्या त्या उडीची, सगळ्यांत खोल गेलेली सात भोकं राहिली. त्याने लांबी बोटावर घेतली, भोकं एकेक करून मोजली, मग बोट पुसून डब्याचं झाकण लावलं.

"ऱ्हव दे गो बायो," तो म्हणाला, "ही तुझी."

तेव्हा मित्रांनो, पाहुणे येणार म्हणून आम्हाला सजवू नका, आम्ही ज्या कामाच्या आहोत त्या कामाच्या राहू द्या. आणि कधी पाय घसरला, तर लगेच स्वतःला बोल लावत बसू नका. आधी वाका आणि खालची फळी हाताने तपासा. अरवा शिबिरातून परत येईल तेव्हा तीही वाकेल. ती सात भोकं तिच्या हाताला लागली पाहिजेत, म्हणून सांगते, माझ्याजवळ कुणी रंगाचा डबा आणू नका.