कोरफडीची ओळ

नानाजींना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि शब्दही गेले. उरला एकच, 'हो'. भाकर पाहिजे का, हो. पोट दुखतं का, हो. नको म्हणायला तोंड उघडलं तरी 'हो'च बाहेर पडायचा. ज्या माणसाने आंजीच्या बाजारात उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्याच्या पदरात देवाने नेमका होकार टाकावा, ही थट्टाच म्हणायची. घरचे आता त्या 'हो'कडे फारसं लक्ष देत नसत. सोयीचा असला की मात्र मानत.

आज आंगणात सपनाच्या मांडवाची मेढ गाडायची होती. धाकटी लेक, लग्न तोंडावर आलेलं. नानाजींना आंघोळ घालून, नवी टोपी चढवून सपरीत, पुढच्या पडवीतल्या खाटेवर टेकवून बसवलं होतं.

थोरला निकेश खड्डा खणायची लोखंडी सब्बल घेऊन आंगणातल्या बागेत उतरला.

"कोरफडीपाशी नको रे," सुमित्राबाईंनी चुलीपासून हाक दिली. "तेथून मोटरीची तार गेली हाये."

"मालूम हाये, माय," निकेश म्हणाला आणि कुंपणाजवळच्या कोरफडीपासून चांगला दूर, गुलाबांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला.

नानाजींची नजर त्याच्या पायाखालच्या मातीवर खिळली.

तार होती ती तिथेच. त्यांनीच पुरलेली. वरून नेली असती तर कापसाने भरलेल्या बैलबंड्या आंगणात शिरताना अडकल्या असत्या, म्हणून मीटरपासून फाटकाजवळच्या बोअरपर्यंत जमिनीखालून नेली. हातभर खोदल्यावर कडक मुरूम लागला, मग त्याहून खोल कोण जातो! बटण बोअरपाशी, त्यामुळे मोटर बंद असली तरी तार जिवंतच. म्हणून त्यांनी तारेच्या डोक्यावर कोरफड लावली, सरळ ओळीत, आणि घराला नियम घालून दिला: कोरफडीपाशी खोदायचं नाही.

आणि ते दवाखान्यात पडले असताना वर्षालीने, निकेशच्या बायकोने, पोरांना काटे टोचतात म्हणून ती ओळच्या ओळ उपटून कुंपणाला नेऊन लावली. दवाखान्याच्या धावपळीत घराच्या ध्यानात नियम तेवढा राहिला, जुनी ओळ कुठे होती ते कुणाच्या राहिलं नाही. मोकळ्या जागेच्या कडेने गुलाब लावले. चांगल्या मनानेच केलं बिचारीने. घरी आल्यापासून नानाजी रोज त्या जागेकडे हात करून 'हो, हो' करत. वर्षाली सासऱ्याचं कौतुकाने सांगायची, "मामाजीले माहे गुलाब लय आवडतात."

"येथच गाडतो ना, बाबा?" निकेशने विचारलं.

"हो!" नानाजी ओरडले. डावा हात जिवाच्या आकांताने हलवला. "हो! हो!"

"पाहा, भाऊजी कसे खुश झाले," मेढ धरून उभा असलेला लहानूमामा म्हणाला. तो सुमित्राबाईंचा भाऊ.

नानाजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सपना धावत आली, पदराने तोंड पुसू लागली. "बाबा, काऊन रडून राह्यले? सेलूलेच तर चालली मी. मनात आलं का येईन." आणि तीही रडायला लागली. मग सगळ्यांचेच डोळे ओले झाले. लेकीच्या बापाने रडू नये तर काय करावं, असं जो तो म्हणाला.

सब्बलीला हळदकुंकू लागलं. घरच्या मोठ्याचा हात लागायला हवा म्हणून निकेशने ती खाटेपाशी आणली. नानाजींनी डाव्या मुठीत ती जी धरली, ती सोडेचनात. निकेश हसत हसत एकेक बोट सोडवू लागला. "द्या ना बाबा, मुहूर्त चालला."

शेवटचं बोट सुटलं तसं नानाजींनी डाव्या अंगाने सगळा जोर करून स्वतःला खाटेवरून खाली लोटलं.

एकच गलका झाला. निकेश सब्बल टाकून धावला. नानाजींनी त्याच्या सदऱ्याची कॉलर घट्ट पकडली. आता सोडणार नाही, मेलो तरी सोडणार नाही.

"ऊन लागलं त्याईले," सुमित्राबाई म्हणाल्या. "आत न्या."

चौघांनी उचललं. आतल्या पलंगावर निजवलं, पंखा लावला. निकेशने कॉलर सोडवून घेतली, बापाच्या डोक्यावरून हात फिरवला. "मेढ गाडतो अन् तुमच्यापाशीच येऊन बसतो."

दार लोटलं गेलं. बाहेरून सब्बलीचा आवाज येऊ लागला. नानाजी पंख्याकडे बघत पडून राहिले. एरवी दुपारी घटकाभर लाइन राहत नाही, आज नेमकी होती. जा, त्यांनी पंख्याला मनातल्या मनात विनवलं, आता तरी जा.

बाहेर फटाक्यासारखं काहीतरी फुटलं. पंखा थांबला.

निकेश वाचला. लग्नही उरकलं, वाजंत्रीशिवाय. तो दवाखान्यातून आला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. बापाच्या पलंगाशी येऊन बसला.

"तार तेथच होती म्हणे. तुमाले मालूम होतं, बाबा?"

"हो," नानाजी म्हणाले.

"तेच सांगून राह्यले होते?"

"हो."

निकेशने मान खाली घातली. पट्ट्यांतल्या हातांकडे पाहिलं. डॉक्टर सुमित्राबाईंना काय म्हणाले होते ते त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. नानाजींनी मात्र ऐकलं होतं. त्यांच्या देखत काहीही बोलायची आता घराला सवय झाली होती. निकेशच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा वळणार नव्हती.

"होतीन ना बाबा माहे हात पयल्यासारखे?"

शब्द जिभेवर आला. नानाजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. वर डावा हात तोंडावर दाबून धरला.

निकेश त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिला.