सरकीच्या पोत्यावरची सही

सरकी म्हणजे कापसाचं बी. रुई वर उडते, तिच्या गाठी बांधल्या जातात, त्या मुंबईला आणि तिथून साता समुद्रापार जातात. सरकी खाली पडते, आणि पुढच्या सालचा कापूस या खाली पडलेल्यातूनच यायचा असतो. गोष्ट एवढी साधी. पण अकोल्याच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत देवमन खंडारेची नेमणूक झाली, तिथं खाली काय पडतं हे पाहायला कुणालाच सवड नव्हती.

देवमन शेतकी खात्यात बियाणे निरीक्षक होता. वय सव्वीस. तिवशाजवळच्या एका खेड्यातून नागपूरच्या शेतकी कॉलेजात गेलेला, घरातला पहिला शिकलेला माणूस. नोकरी मात्र अजून कच्ची, म्हणजे दर सहा महिन्यांनी साहेबाच्या मर्जीनं पुढं सरकणारी. त्याचं काम असं : खात्यानं लांब धाग्याचं नवं वाण काढलं होतं. त्या वाणाचा कापूस वेगळा पिंजायचा, त्याची सरकी वेगळ्या पोत्यांत भरायची, आणि 'हे बी शुद्ध आहे' अशी पिवळी चिठ्ठी पोत्याच्या तोंडाला बांधून तिच्यावर देवमननं सही करायची. शेतकऱ्यानं ती सही पाहून पोतं घ्यायचं.

नियम चांगला होता. जुन्या आखूड धाग्याचा कापूस पिंजून झाला की यंत्रं, म्हणजे रेचे, थांबवायचे; दात्यादात्यातली सरकी काढायची, जमीन झाडायची, आणि मग नवा माल लावायचा. त्याला अर्धा दिवस लागे. कागदावर हा अर्धा दिवस होता. फॅक्टरीत तो कधीच उगवला नव्हता. जुन्याच्या शेपटीला नवा माल लागे आणि पट्टा फिरत राही. शिवाय खाली सांडलेली, बुटांखाली फुटलेली, कुणाची कुणाला ठाऊक नसलेली झाडणीची सरकी तेलघाणीला जायची ती जात नसे. पोत्यांचा आकडा भरायला ती शेवटच्या पोत्यांत जाई. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि चालत आलेल्या गोष्टीला आपल्याकडे कोण हात लावतो?

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत देवमन पहिल्यांदा म्हणाला, "रेचे थांबवा."

मॅनेजर खुशालराव भला माणूस होता. तो रागावला नाही. त्यानं आधी चहा मागवला. "थांबवतो ना साहेब. पट्टा थांबवाले काय लागते? पण या बायांले तुमीच सांगा."

आत ऐंशी बाया काम करत होत्या. त्यांची मुकादमीण मैनाबाई पदराला लागलेली रुई झटकत पुढं आली. "साहेब, अर्धा रोज काहून बुडवता आमचा? पट्टा बंद झाला का हजेरी बंद." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमी आपले आहात म्हणून बोलून राहिली. आजवर आलेल्या सगळ्या साहेबायनं सह्या केल्या. आपला माणूस आला, तं त्यानंच आमच्या पोटावर पाय द्यावा का?"

देवमनची आईही अशाच कुठल्या तरी शेतात रोजानं कापूस वेचत आली होती. तो अमरावतीला वरिष्ठांना विचारायला गेला, तर ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "खंडारे, ऑगस्टमध्ये तुमचा कायम होण्याचा कागद माझ्याकडे येणार आहे. व्यवहार पाहून करा." खुशालरावाचं बरोबर होतं, मैनाबाईचंही बरोबर होतं, साहेबाचं तर नेहमीच बरोबर असतं. चुकणारा असा कुणी सापडेचना.

दोन दिवसांत त्यानं आठशे चिठ्ठ्यांवर सही केली. पहिल्या शंभरापर्यंत छातीत काहीतरी टोचत होतं. मग बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. शेवटचं पोतं झाडणीचं आहे हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या चिठ्ठीवरही 'द'ची शेपटी लांब ओढून सही केली. त्याला वाईट वाटलं नाही, भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. तो खोलीवर जाऊन जेवला आणि झोपला.

पोती कुठं जाणार ते आठ दिवसांनी कळलं. निम्मी तिवशाच्या गोदामात.

आता हे सांगायला हवं, की देवमनचे वडील डोमाजी यांना त्याच वर्षी सरकारी ई-क्लास, म्हणजे गायरानाच्या, जमिनीतली पाच एकर मिळाली होती. डोमाजींनी जन्मभर गावकी केली, दवंड्या पिटल्या, दुसऱ्याच्या शेतात राबले. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि गावकी सोडली. स्वतःच्या नावाची जमीन मात्र आत्ता, साठीला टेकल्यावर. पहिलं पीक घ्यायचं होतं, आणि बी कोणतं घ्यायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

देवमननं पत्र लिहायला घेतलं. 'बा, माझ्या सहीचं बी घेऊ नका.' एवढंच लिहायचं होतं. पण डोमाजींना वाचता येत नव्हतं. गावात आलेलं पत्र शाळेचे मास्तर चावडीपुढं मोठ्यानं वाचत, आणि खंडाऱ्यांच्या शिकलेल्या पोराचं पत्र ऐकायला चार लोक हटकून थांबत. ते वाक्य चावडीवर वाचलं जाईल या विचारानं त्यानं टाक खाली ठेवला. जूनमध्ये रजा मिळाली नाही. आपण दुसरं कुणाला तरी पाठवू शकलो असतो हे त्याला पुढं ऑक्टोबरात सुचलं.

ऑगस्टमध्ये तो कायम झाला, त्याची बदली अमरावतीच्या कचेरीत झाली आणि पेढे घेऊन तो गावी गेला. घरात शिरल्याबरोबर त्याला समोरच बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पिवळी चिठ्ठी दिसली. भाकरीच्या पिठानं भिंतीला चिकटवलेली.

"वाचता येत नाई, पण तुह्या सहीची शेपटी मले समजते," डोमाजी म्हणाले. "गोदामातल्या बाबूनं दुसरं पोतं काढलं होतं. म्या म्हटलं, नाई, माह्या पोराच्या सहीचं दे. उत्तमराव आपल्या घरचीच सरकी पेरून राहिला होता. त्यालेबी म्हटलं, अरे, सरकारी घे. हासला."

उत्तमराव म्हणजे शेजारच्या शेताचा मालक. पिढ्यान्‌पिढ्यांचा काळ्या मातीतला शेतकरी. तो निवडक बोंडं बाजूला ठेवी, घरच्या घरी हाताच्या लाटीवर त्यांची सरकी काढून मडक्यात ठेवी आणि तीच पेरी.

बाप-लेक शेतात गेले. उत्तमरावाच्या शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, रांगेनं उभी होती. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे डोमाजींच्या शेतात दोन झाडं उगवलेली, चार हात मोकळी जमीन, मग एक उंच, एक बुटकं. फुटक्या सरकीतून काही उगवत नाही, आणि जी उगवली होती ती दोन जातींची होती. देवमनला हे एका नजरेत कळलं.

"दोनदा मोकळ्या जागी बी टोबलं," डोमाजी म्हणाले. "नाई आलं. माहाच हात उथळ पडला असंल. दुसऱ्याच्या शेतात राबणं वेगळं, अन् आपली शेती करणं वेगळं."

रात्री जेवताना आई, पंचफुलाबाई, सहज म्हणाली, "सरकीतच काई होतं काय हो?"

डोमाजींनी घास खाली ठेवला. "पोराची सही हाय तिच्यावर! काईबाई बोलू नको."

पंचफुलाबाईनं मुलाकडे पाहिलं. मुलानं वरणाकडे पाहिलं. विषय तिथंच संपला.

नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर, अमरावतीला एक अमेरिकन प्राध्यापक आले. अंगानं इतके उंच, की कचेरीतले शिपाई त्यांना लंबे साहेब म्हणू लागले. मागासलेल्या देशांपैकी काही भराभर श्रीमंत होतात आणि काही होते तिथंच राहतात, ते का, याचा शोध लावून त्यांना पुस्तक लिहायचं होतं. त्यासाठी ते जपानपासून फिरत आले होते. अमरावतीच्या वकिलांनी त्यांना इथलं ऊन कारण म्हणून सांगितलं. एका संस्थाचालकांनी पूर्वजन्म सांगितला. एका कारखानदारानं मजुरांचा आळस सांगितला आणि नोकराला हाक मारून पाणी मागवलं. साहेबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

मग त्यांनी खेडं पाहायचं म्हटलं. वरिष्ठ म्हणाले, "खंडारे, तुमची इंग्रजी बरी आहे. तुमच्या वडिलांना जमीन मिळालीय ना? तेच दाखवा. सरकारचंही नाव होईल."

देवमननं दोनदा दुसरं गाव सुचवलं. ते कुणी ऐकलं नाही. जीप नागपूर रस्त्यानं तिवशाकडे निघाली. वाटेत लंबे साहेब मोकळेपणानं बोलत होते. माणूस चांगला होता. म्हणाले, "मी सगळीकडे मोठ्या लोकांनाच विचारत आलो. खरं कारण एखादा लहान माणूसच सांगेल असं मला वाटतं. तुम्ही फक्त एक करा. तो बोलेल तसंच्या तसं सांगा. पदरचं घालू नका."

"बरं," देवमन म्हणाला.

शेतात वेचणी चालू होती. पंचफुलाबाई धुऱ्यावर बसली होती. पुढ्यात लुगड्याचा तुकडा अंथरून ती वेचलेला कापूस निवडत होती. तीस वर्षं तिच्या बोटांनी कापूसच पाहिला होता. चिमूट घेई, बोटांनी ताणून बघे, लांब धागा उजवीकडे टाकी, आखूड डावीकडे. डावा ढीग मोठा होता. तिला हे काम कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी आधी उत्तमरावाचं शेत पाहिलं, मग हे पाहिलं. काही झाडांना अजून फुलं होती, काही पिवळी, काही पांढरी. नव्या वाणाचं फूल पिवळं, जुन्याचं पांढरं. "सुंदर," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला.

डोमाजींनी त्या दिवसासाठी धुतलेलं धोतर नेसलं होतं. साहेबांनी नमस्कार केला तेव्हा ते इतके गडबडले, की त्यांनी दोनदा नमस्कार केला.

"यांना विचारा," साहेब म्हणाले, "माती एक, पाऊस एक, मध्ये एवढासा बांध. पलीकडे असं पीक आणि इकडे असं. का?"

देवमननं विचारलं. डोमाजींनी धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. फार विचार केला नाही. गेले तीन महिने ते याचंच उत्तर स्वतःला देत होते.

"सायबाले सांग, जमीन चांगली हाय. सरकारनं दिली, उपकार झाले. बियाणंबी चांगलं होतं, माह्या पोराच्या सहीचं. पण आमाले हात नाई शेतीचा. आमच्या सात पिढ्यायनं दुसऱ्याच्या शेतात काम केलं. आमच्यात ते नाईच. पुढच्या साली उत्तमरावाले मक्त्यानं देऊन टाकतो अन् त्याच्याच इथं कामाले जातो. जमिनीचे तरी हाल नाई होणार."

शेत सोडून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं, हे देवमनला तेव्हाच कळलं. तो उभा होता. ऊन होतं. उत्तमरावाच्या शेतात कुणीतरी बैलाला हाकारत होतं. आपल्याला आता काहीतरी व्हायला पाहिजे, असं त्याला वाटलं. घाम यावा, रडू यावं, निदान घसा दाटावा. काही झालं नाही. एक वाक्य पुरलं असतं. बा उभ्या उभ्या दुसरा माणूस झाला असता. त्याचा हात, त्याच्या सात पिढ्या, सगळं एका वाक्यानं सुटलं असतं. आणि भिंतीवरची चिठ्ठी उतरली असती.

त्यानं भाषांतर केलं. शब्दाला शब्द. जमीन चांगली आहे. बी चांगलं होतं, माझ्या मुलाच्या सहीचं. आमच्यात ते नाहीच. एक शब्द पदरचा घातला नाही.

साहेब हळूहळू लिहीत होते. 'आमच्यात ते नाहीच' याच्याखाली त्यांनी रेघ ओढली. मग वही तशीच उघडी ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तुमचं मत? तुम्ही तर या विषयातलेच."

"वडिलांनी सांगितलं तेच," देवमन म्हणाला.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, या प्रवासात इतका प्रामाणिक दुभाषा आपल्याला मिळाला नव्हता. मग ते फोटोसाठी उत्तमरावाच्या शेताकडे गेले.

डोमाजी हरखले होते. "काय लिवलं रे सायबानं?"

"तुम्ही सांगितलं तेच, बा."

"पुस्तकात येईन म्हणतो?"

"येईल."

डोमाजी कौतुकानं साहेबांच्या मागं धुरा ओलांडून गेले. पंचफुलाबाई बसल्या जागेवरून हललेली नव्हती. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं फक्त मुलाचं तोंड पाहिलं होतं.

"अन् तू?" तिनं विचारलं. "तू नाई काई सांगतलं?"

"नाही, माय."

तिनं मान हलवली. पुढ्यातला लांब धाग्याचा उजवा ढीग दोन्ही हातांनी उचलला, आखूड धाग्याच्या डाव्या ढिगावर टाकला, नीट कालवला आणि फडक्याच्या गाठी मारल्या.