लपवलेली छत्री

मी छत्री बोलतेय. नावावर जाऊ नका, पावसाशी माझा काहीही संबंध नाही. केसाहून बारीक तारांची विणलेली, बोटाच्या पेरात मावेल एवढी मी जाळी. डॉक्टरांनी समजावताना मला छत्री म्हटलं, तेच नाव पडलं.

माझा गुण एकच. मला ओढून, ताणून बारीक नळीत भरा, बाहेर पडले की मी पुन्हा मूळ आकारात येते. कारखान्यात मला तापवून तसं शिकवलेलं असतं. मग मी पाकिटात बंद होऊन ठाण्याच्या एका इस्पितळातल्या कपाटात वाट पाहत राहिले. माझ्या वाट्याला आली उर्वी.

उर्वी चोवीस वर्षांची, मानपाड्याच्या एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. जिना चढताना तीनदा थांबायची. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या मुळाशी तिला जन्मापासून एक फुगवटा होता. तो फुटला आणि रक्त भलत्याच कप्प्यात घुसू लागलं. डॉक्टर म्हणाले, "हे दुर्मीळ असतं. पूर्वी छाती उघडल्याशिवाय इलाज नव्हता. आता मांडीतून नळी घालून बुजवता येईल."

तिच्या आईने, मंजुळाबाईंनी, पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे व्रण राहणार नाही ना?"

"नाही."

"मग तेच करा."

मांडीच्या शिरेतून मी वर गेले, भोकात जाऊन उघडले आणि घट्ट बसले. पाण्याचा नळ बंद व्हावा तसा भलत्या कप्प्यात घुसणाऱ्या रक्ताचा आवाज थांबला. तिसऱ्या दिवशी उर्वी घरी गेली. जिना एका दमात चढली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "छत्रीबाई, नीट बसा हं!" मला कोणी पहिल्यांदाच बाई म्हटलं होतं.

निघताना डॉक्टरांनी एक कार्ड दिलं होतं. "हिच्या शरीराचं अस्तर छत्रीवर चढायला सहा महिने लागतील. तोवर दाताचं काहीही करायचं असेल तर आधी मला फोन करा. दाताच्या डॉक्टरला हे कार्ड दाखवा. औषध घेऊनच दाताला हात लावायचा. आणि धाकट्या मुलीचाही इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, असलं कधी कधी भावंडांत असतं."

मंजुळाबाईंनी ते कार्ड कपाटात, साड्यांखालच्या कागदाखाली ठेवलं. दीड महिन्याने उर्वीला सुशांतचं स्थळ आलं.

"आई, त्याला सांगूया ना. चांगला वाटतो गं."

"लग्न होऊ दे, मग सांग. स्थळं एवढ्यातेवढ्यावरून फिरतात. अंगावर खूण तरी आहे का कुठे?"

"बाबा?"

दौलतराव वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "आई म्हणते ते ऐक."

साखरपुड्यात आइस्क्रीम खाताना उर्वीने गाल धरला. ते सुशांतच्या सरोजमामींनी नेमकं पाहिलं. मामी ठाकुर्लीच्या दाताच्या डॉक्टर, आणि हे स्थळही त्यांनीच जुळवलेलं.

"अगं, दाढ किडलीय वाटतं! ये उद्या माझ्याकडे. आमच्या सुनेची दाढ दुसऱ्या कोणी काढली, तर मी तोंड कुठे लपवू?" सगळे हसले. नाही म्हणणार कोण?

दुसऱ्या दिवशी मामींनी खुर्चीत बसवून रीतसर विचारलं, "काही आजार? ऑपरेशन? हृदयाचं वगैरे काही?"

उर्वीने आईकडे पाहिलं. तिच्या छातीतला ठोका वाढला, तो मला पुरता कळला.

"छे हो!" मंजुळाबाई म्हणाल्या. "आमची पोर अगदी ठणठणीत आहे."

दाढ निघाली. तोंडातले जंतू रक्तातून वर आले आणि माझ्यावर येऊन बसले. अजून अर्ध्या तारा उघड्याच होत्या. मी कोणाला हाकलू शकत नाही. मला फक्त बसून राहणं शिकवलेलं आहे.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला. नाक्यावरच्या डॉक्टरांनाही कोणी हृदयाचं बोललं नाही, कारण त्यांची बायको मामींच्या भजनी मंडळात होती. गोळ्यांनी ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की परत चढायचा. असं तीनदा झालं. मग उर्वीला जिना चढवेना आणि तिला ठाण्याला आणलं.

"दाढ काढली?" हृदयाच्या डॉक्टरांचा आवाज चढला. "फोन का नाही केलात?"

जंतू माझ्यावर घर करून बसले होते. मला बाहेर काढायचं, तर आता छाती उघडणं भाग होतं.

आत नेताना उर्वी म्हणाली, "आई, आता व्रण राहणार गं."

"राहू दे, बाळा. राहू दे."

तिसऱ्या दिवशी उर्वी गेली. बाहेर बाकावर बसलेला सुशांत दौलतरावांना म्हणाला, "मला सांगायचं तरी होतंत." तो हो म्हणाला असता की नाही, मला माहीत नाही. त्याला विचारायचंच नाही, असं उर्वीच्या आईबाबांनी मिळून ठरवलं होतं.

मी आता त्याच इस्पितळाच्या तपासणी विभागात, औषधी पाण्याच्या बरणीत आहे. बरणीवर उर्वीचं नाव आहे. काल अहवाल न्यायला तिची आई आली होती. बरोबर धाकटी प्राची, एकोणीस वर्षांची. खिडकीतल्या बाईंनी अर्ज भरता भरता विचारलं, "घरात आणखी कोणाला हृदयाचा त्रास?"

"कोणालाच नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. "हिच्या बहिणीलाही नव्हता. तापाने गेली ती."

अहवाल त्यांच्या हातातच होता.

प्राचीने विचारलं, "आई, माझा इको करायचा होता ना?"

मंजुळाबाईंनी मागे रांगेत कोण कोण आहे ते पाहिलं. "हळू बोल."

प्राची, मी बरणीतून ओरडू शकत नाही. तुझ्या बहिणीच्या छातीत मी चार महिने होते. तिचे ठोके मी ऐकले आहेत, आणि आईकडे बघून तिने गिळलेलं उत्तरही. तू हळू बोलू नकोस. खिडकीतल्या त्या बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने परत विचार.