व्होडका, सुई आणि पेलाभर पाणी

गावच्या संस्कृती भवनात मुंगी शिरायला जागा नव्हती. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेले रशियातल्या कामा नदीकाठचे झाडून सगळे चालक बायकांनी दंडाला धरून आणले होते. मंचावर ‘प्राध्यापक’ अर्काडी ल्वोविच. कशाचे प्राध्यापक, ते विचारायचं नाही! त्यांचं एक इंजेक्शन, की माणसाला वर्षभराचं कुलूप. मग थेंब जरी घेतला तरी मेलाच म्हणून समजा. पुराव्यादाखल सुई टोचून ते लगेच जिभेवर व्होडकाचे दोन थेंब सोडत. टोचलेला माणूस लालबुंद होऊन भाजल्यासारखा तडफडे आणि सभागृह छातीवर क्रूस काढी.

रांगेत तिसरा होता रोदिओन. हिवाळ्यात त्याच्या दुधाच्या गाडीखाली एका शाळकरी पोरीचा पाय गेला होता. कोर्टाने परवाना काढून घेतला आणि वर्षभर दर गुरुवारी व्यसनमुक्तीचा दवाखाना लावून दिला. चार महिने तो गेला, प्यालाही नाही. आता म्हणत होता, एका टोचणीत भागतंय तर चारचौघांत रडगाणं कोण गाणार?

त्याची थोरली बहीण तैसिया बावीस वर्षं रुग्णवाहिकेवर होती. असली लाल मान तिने शेकडो वेळा पाहिली होती. ती तडक मंचावर चढली, इंजेक्शनच्या खोक्यावरचं नाव वाचलं, एक कुपी फोडून स्वतःच्याच दंडात टोचली आणि वर पेलाभर साधं पाणी प्याली. प्राध्यापक ‘अहो बाई, अहो बाई’ करत राहिले. थोड्याच वेळात तिचे कान, मान, छाती लालेलाल.

“मी जन्मात दारू प्यायले नाही,” ती म्हणाली. “हे जीवनसत्त्व आहे. रक्तवाहिन्या फुलतात, अंग पेटतं, थोड्या वेळाने उतरतं. वर व्होडका घ्या नाहीतर पाणी, सारखंच.”

श्रद्धा नसली की असंच होतं, असं प्राध्यापक पुटपुटले.

“पण माझा नवरा यांच्याच सुईने दारूतून सुटला की,” मागच्या बाकावरची फायना म्हणाली.

“किती दिवस?” तैसियाने विचारलं.

तीन महिन्यांनी फायनाच्या नवऱ्याने भीतभीत घोटभर घेतली, मेला नाही. मग बाटली रिकामी करून तसाच ट्रॅक्टरवर चढला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

रोदिओन बाही वर सरकवून उभा होता. “मग मला थांबवणार कोण, ताई?”

“हा तर नक्कीच नाही. ज्या दिवशी याची भीती खोटी निघेल, त्या दिवशी तू पिऊन स्टिअरिंगवर बसशील. त्या पोरीचा एकच पाय उरलाय, रोद्या.”

रोदिओनने बाही खाली ओढली आणि रांगेतून बाहेर पडला. गुरुवारी तो दवाखान्यात होता.

बाबांनो, दारूचं व्यसन हा आजार आहे. त्याचे उपचार लांबलचक असतात, कंटाळवाणे असतात, लाज वाटायला लावतात. एका सुईत बरं करतो म्हणणाऱ्याला भर सभेत विचारा, कुपीत काय आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.